हेल्मेटमुळे खरंच जीव वाचतो का? हे मोजायला बसलेल्या डॉक्टरची गोष्ट

पेणहून निघालं की वडखळ, मग नागोठणे, पुढे कोलाड, आणि कोलाडला महामार्ग सोडून आत वळलं की रोहा. मुंबई-गोवा महामार्गाचा हा पट्टा इथल्या लोकांच्या रोजच्या वाटेवरचा. सकाळी धाटावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले कामगार, शाळा गाठायच्या घाईतले शिक्षक, बाजारात माल घेऊन आलेले शेतकरी, आणि गणपतीच्या आधी पेण, हमरापूर, जोहे इथून मूर्ती घेऊन निघालेले टेम्पो. या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. हेल्मेट असतं, पण पुष्कळदा ते डोक्यावर नसून कोपरात नाहीतर आरशाला अडकवलेलं असतं.

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. मधल्या काळात रस्ता सुरक्षित करण्यासाठी उपाय होत राहिले. कुठे दुभाजक आला, कुठे गतिरोधक, कुठे चकाकणाऱ्या पट्ट्या, कुठे हेल्मेटची मोहीम. प्रत्येक उपायासोबत एक दावा येतो, की यामुळे अपघाती मृत्यू कमी होतील. वर्षाअखेरीला आकडा खाली आला तर उपाय यशस्वी, वर गेला तर चालक बेशिस्त, असा निकालही लागतो.

पण आकडा खाली आला तो त्या उपायामुळेच, हे ठरवायचं कसं?

हेल्मेटच्या बाबतीत या प्रश्नाच्या मागे आयुष्याची अनेक वर्षं लागलेला एक माणूस होता. तो वाहतूक पोलीस नव्हता, इंजिनिअर नव्हता. तो मेंदूचा सर्जन होता. नाव सर ह्यू केर्न्स. आज जगभर दुचाकीवर हेल्मेटचा कायदा आहे त्याच्या मुळाशी या डॉक्टरने मांडलेला हिशेब आहे. आणि या हिशेबात त्याचं काय चोख होतं आणि कुठे जागा राहिली, हे पाहिलं की पेण-रोह्याच्या रस्त्यावरचे दावेही तपासता येतात.

ऑस्ट्रेलियातून ऑक्सफर्डला

ह्यू विल्यम बेल केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ चा. गाव दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पोर्ट पिरी, एक बंदर. घरची परिस्थिती साधी. मुलगा अभ्यासात हुशार निघाला आणि अॅडलेडच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला लागला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. शिक्षण अर्धवट ठेवून तो लष्कराच्या वैद्यकीय दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि ग्रीसजवळच्या लेम्नॉस बेटावरच्या लष्करी रुग्णालयात कामाला लागला. परत येऊन त्याने १९१७ मध्ये डॉक्टरकी पूर्ण केली. त्याच वर्षी त्याला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजात दाखल झाले. अंगापिंडाने धडधाकट होते. १९२० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोटींच्या शर्यतीत ते ऑक्सफर्डच्या बोटीत होते. पुढे बॅलियलच्या प्रमुखांच्या मुलीशी, बार्बरा स्मिथ यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून नोकरी सुरू झाली.

त्या काळात मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे नातेवाइकांनी आशा सोडून द्यायची गोष्ट होती. जगात हे काम नीट करणारे मोजके लोक होते. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉ. हार्वी कुशिंग. १९२६-२७ मध्ये केर्न्स वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकायला गेले.

कुशिंग यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, हाताची कमाल सफाई. दोन, प्रत्येक रुग्णाची बारीकसारीक नोंद. कोण वाचला, कोण गेला, का गेला, हे सगळं लिहिलेलं असायचं. केर्न्स यांनी सफाई तर उचललीच, पण नोंदींचं वेड जास्त उचललं.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी कुशिंग यांच्याकडे पाहिलेल्या रुग्णांवर एक अहवाल लिहिला. तो १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यावर बहुतेक डॉक्टर थांबले असते. केर्न्स थांबले नाहीत. तेच रुग्ण अनेक वर्षांनी कसे आहेत, किती जण जिवंत आहेत, किती जण कामधंदा करू शकतात, याचा त्यांनी पुन्हा शोध घेतला आणि १९३६ मध्ये तेही छापलं. ऑपरेशन टेबलावर यशस्वी झालं, यावर ते समाधानी नव्हते. त्या ऑपरेशनमुळे माणूस पुढे जगला का, हे त्यांना हवं होतं.

ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुभाजक बांधून झाला, मोहीम पार पडली, दंड वसूल झाला, ही झाली टेबलावरच्या ऑपरेशनची गोष्ट. त्याने माणसं वाचली का, हा वेगळा प्रश्न आहे. केर्न्स यांची नजर आयुष्यभर या दुसऱ्या प्रश्नावर राहिली.

१३ मे १९३५

टी. ई. लॉरेन्स हे नाव चित्रपटामुळे अनेकांना माहीत आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात वाळवंटात लढलेला ब्रिटिश अधिकारी. युद्धानंतर प्रसिद्धीला कंटाळून तो नाव बदलून हवाई दलात साधा सैनिक म्हणून राहिला. त्या नोकरीत तो अविभाजित हिंदुस्थानातही येऊन गेला. कराची आणि वायव्य सरहद्दीवरच्या मीरानशाहच्या तळावर त्याने १९२७-२८ चा काळ काढला.

या माणसाला एक नाद होता, वेगवान मोटारसायकलींचा. ब्रफ सुपीरियर नावाची त्या काळची महागडी आणि जोरकस गाडी तो चालवायचा.

१३ मे १९३५ ला दक्षिण इंग्लंडमधल्या आपल्या घराजवळच्या रस्त्यावरून तो चालला होता. चढउताराच्या रस्त्यावर सायकलवरची दोन मुलं अचानक समोर आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली, ताबा सुटला आणि तो फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्या काळी रस्त्यावर ते कुणीच घालत नसे. शर्यतीतले स्वार घालायचे, पण सामान्य माणसाने घालायची ती गोष्ट आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

लॉरेन्स सहा दिवस बेशुद्ध होता. त्याच्यासाठी बोलावलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांमध्ये ३८ वर्षांचे केर्न्स होते. त्यांच्या हातात करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. १९ मे रोजी लॉरेन्स गेला. वय ४६.

देशभर हळहळ झाली. केर्न्स यांनाही हा मृत्यू लागला. पण एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूवरून नियम करा, असं म्हणत ते उठले नाहीत. एक मृत्यू म्हणजे पुरावा नव्हे, हे त्यांना कळत होतं. हेल्मेट असतं तर लॉरेन्स वाचला असता का, याचं उत्तर एकट्या लॉरेन्सकडे पाहून मिळणारं नव्हतं. त्यासाठी खूप अपघात बघावे लागणार होते. दुर्दैवाने ते लवकरच येणार होते.

मोटारी बनवणाऱ्याच्या पैशातून

त्याआधी केर्न्स यांच्या आयुष्यात एक मोठी घडामोड झाली. लंडनमधला जम बसलेला व्यवसाय सोडून त्यांनी ऑक्सफर्डमध्ये मोठं वैद्यकीय संशोधन केंद्र उभं राहावं म्हणून खटपट केली. पैसे दिले लॉर्ड नफिल्ड यांनी. हे नफिल्ड म्हणजे मॉरिस मोटारींचे मालक विल्यम मॉरिस. याच कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून पुढे आपल्याकडची अॅम्बॅसडर बनली. म्हणजे रस्त्यावर मोटारी आणणाऱ्या माणसाच्या देणगीतून रस्त्यावर डोकं फुटलेल्यांचा अभ्यास करणारं केंद्र उभं राहिलं.

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डला शस्त्रक्रियेचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले. दोन वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. शत्रूच्या विमानांना खालचं काही दिसू नये म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद, गाड्यांचे दिवे झाकलेले. बॉम्बपासून वाचण्याचा हा उपाय रस्त्यावर जीव घेऊ लागला. १९३८ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ६,६४८ लोक मेले होते. १९४१ मध्ये हा आकडा ९,१६९ वर गेला.

त्यात मोटारसायकलवरून लष्करी निरोप पोचवणारे जवान फार होते. टेलिफोनच्या तारा तुटल्या तरी निरोप पोचला पाहिजे, म्हणून ही पोरं अंधाऱ्या, अनोळखी रस्त्यांवरून रात्रभर गाड्या पळवायची. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात १९४० मध्ये डोक्याच्या दुखापतींसाठी खास लष्करी रुग्णालय उघडलं. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे १३ हजार जखमींवर उपचार झाले. केर्न्स तिथले प्रमुख आधार होते. लढाईत गोळी लागलेले जसे येत, तसेच शत्रू न दिसताच रस्त्यावर डोकं फुटलेलेही येत.

सात जणांचा पुरावा

४ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्स यांचा लेख आला. विषय, मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती आणि हेल्मेटचं महत्त्व. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यांवर मेले होते. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण डोक्याची दुखापत हे होतं.

मग हेल्मेटचं काय? हेल्मेट घालून अपघात झालेले फक्त सात जण केर्न्स यांच्या पाहण्यात आले होते. सातही वाचले होते.

इथे जरा थांबायला हवं. सातपैकी सात वाचले, हे ऐकायला भारी वाटतं. पण हा पुरावा कच्चा आहे, आणि का कच्चा आहे हे पेण-रोह्याच्या रस्त्यावर आणून पाहिलं की चटकन कळतं.

समजा वडखळजवळ रात्री दोन अपघात झाले. दोन्ही स्वारांनी हेल्मेट घातलं होतं. एक जागीच गेला. दुसऱ्याला नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं आणि तो वाचला. मेंदूच्या डॉक्टरला यातला कोण दिसणार? फक्त दुसरा. त्याच्या वहीत हेल्मेट घातलेला एक, वाचलेला एक, अशीच नोंद होणार. जागीच गेलेला माणूस त्याच्या हिशेबात येतच नाही.

दुसरी अडचण आकड्याची. सात हा आकडा फार लहान आहे. नशिबानेही सात जण वाचू शकतात. तिसरी अडचण माणसांची. हेल्मेट घालणारा माणूस मुळात सावध असू शकतो. तो हळू चालवत असेल, दारू पिऊन गाडीवर बसत नसेल. मग तो वाचला तो हेल्मेटमुळे की स्वभावामुळे?

म्हणजे १९४१ चा लेख हे उत्तर नव्हतं. तो जोरदार संशय होता. पण संशय इतका पटण्यासारखा आणि हेल्मेटचा खर्च इतका कमी होता, की लष्कराने वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये कामावर असलेल्या लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. नियम झाला, फोटो निघाले, विषय मिटला. केर्न्स यांच्यासाठी खरं काम इथून सुरू झालं, कारण आता पडताळणी शक्य होती.

फुटलेली हेल्मेटं आणि जेलीचा मेंदू

केर्न्स यांच्या जोडीला ए. एच. एस. होल्बर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. डोकं आपटल्यावर आत नेमकं काय होतं, हे होल्बर्न यांनी जिलेटिनपासून, म्हणजे जेलीसारख्या पदार्थापासून बनवलेल्या मेंदूच्या नमुन्यावर अभ्यासलं. त्यांना दिसलं ते असं, की नुसता ठोसा बसण्यापेक्षा डोकं झटक्यात गरकन फिरणं मेंदूसाठी जास्त घातक असतं. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जाऊन तुटतात. म्हणून बाहेर रक्ताचा थेंब नसतानाही माणूस दगावू शकतो.

हेल्मेट यात काय करतं? आपटण्याचा जोर एका बिंदूवर न येता पसरतो, आणि थांबायला सेकंदाचा अगदी लहानसा का होईना, पण जास्त वेळ मिळतो. विटेवर पडणं आणि गवताच्या भाऱ्यावर पडणं, यातला जो फरक तोच.

१९४३ मध्ये दोघांनी मिळून दुसरा लेख लिहिला. यावेळी सात नव्हे, कितीतरी जास्त अपघात हाताशी होते, कारण सक्तीमुळे हेल्मेट घालणारे वाढले होते. दुखापत किती गंभीर, हे अंदाजाने न ठरवता त्यांनी मोजता येतील अशा खुणा घेतल्या. कवटीला तडा गेला का? अपघातानंतरचा किती काळ रुग्णाला आठवत नाही? हेल्मेट घातलेल्यांमध्ये कवटी फुटण्याचं प्रमाण कमी होतं आणि विस्मरणाचा काळही कमी होता.

या तुलनेचा मोठा फायदा असा, की इथे अपघात झालेल्यांचीच अपघात झालेल्यांशी तुलना आहे. रस्त्यावर गाड्या कमी होत्या की जास्त, याचा इथे फारसा संबंध येत नाही. पडलेल्या दोघांपैकी कुणाचं डोकं जास्त वाचलं, एवढंच पाहायचं. शिवाय सक्तीमुळे आता फक्त सावध माणसंच हेल्मेट घालत नव्हती. हुकूम होता म्हणून बेफिकीर पोरंही घालत होती. स्वभावाचा गुंता त्यामुळे बराच सुटला.

खाली येणारी रेघ

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये केर्न्स यांनी तिसरा लेख लिहिला. त्यात १९३९ ते १९४५ पर्यंत दर महिन्याला ब्रिटनमध्ये किती मोटारसायकलस्वार मेले, याचे आकडे मांडले होते. चित्र ठसठशीत होतं. नोव्हेंबर १९४१ नंतर मृत्यूंची रेघ खाली येत जाते.

सक्ती केली आणि मृत्यू घटले. कुठल्याही मंत्र्याने हा कागद पत्रकार परिषदेत फडकावला असता.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली होती. ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग होतंच. जुलै १९४२ मध्ये सामान्य माणसाला खाजगी कामासाठी मिळणारं पेट्रोल पूर्ण बंद झालं. लोकांच्या मोटारसायकली घरात पडून राहिल्या. गाडीच रस्त्यावर नाही, तर अपघात कुठून होणार? म्हणजे रेघ खाली आली त्यात काही वाटा हेल्मेटचा आणि बराच वाटा रिकाम्या रस्त्यांचा. नुसती रेघ पाहून या दोघांची वाटणी करता येत नाही.

हा घोटाळा जुना नाही. आपल्याकडे तो २०२० मध्येच होऊन गेला. २०१९ मध्ये भारतात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ५१ हजार लोक गेले होते. २०२० चा सरकारी आकडा आला तेव्हा तो सुमारे १ लाख ३१ हजारांवर आला होता. त्या वर्षी कुणी कुठे नवा दुभाजक बांधला असेल, तर तोही यशस्वी दिसणार. पण खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. लॉकडाउनमध्ये गाड्याच बंद होत्या. २०२२ मध्ये आकडा १ लाख ६८ हजारांच्या पुढे गेला.

केर्न्स यांची बाजू मजबूत राहिली ती या रेघेमुळे नव्हे. ती राहिली १९४३ च्या तुलनेमुळे आणि होल्बर्न यांच्या प्रयोगांमुळे. तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकच येत होतं. एखादी वाट कच्ची असली तरी बाकीच्या तिला सावरत होत्या.

शेवटची वर्षं

१९४६ मध्ये केर्न्स यांना सर ही पदवी मिळाली. युद्धात त्यांनी फक्त हेल्मेटचंच काम केलं नव्हतं. आघाडीजवळ जाऊन मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारी फिरती पथकं त्यांनी उभी केली. पेनिसिलिन नवीन होतं तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या जखमी सैनिकांवर त्याचा उपयोग होतो का, हे तपासायला ते फ्लोरी यांच्यासोबत गेले होते. तिथेही प्रश्न तोच होता. औषध दिलं, पण माणूस त्यामुळे वाचला का?

डिसेंबर १९४५ मध्ये एका रस्ते अपघाताने त्यांना पुन्हा बोलावलं. अमेरिकेचे प्रसिद्ध सेनापती जॉर्ज पॅटन सगळं महायुद्ध लढून जिवंत राहिले आणि युद्ध संपल्यावर जर्मनीत त्यांची मोटार लष्करी ट्रकला धडकली. मानेचं हाड मोडून शरीर लुळं पडलं. केर्न्स यांना विमानाने हायडेलबर्गला नेण्यात आलं. पॅटन वाचले नाहीत. लॉरेन्सनंतर दहा वर्षांनी आणखी एक नामवंत योद्धा रणांगणावर नव्हे, तर रस्त्यावर गेला होता.

१८ जुलै १९५२ रोजी केर्न्स कर्करोगाने गेले. वय ५६. तोपर्यंत ब्रिटनमधल्या सामान्य मोटारसायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नव्हती. ती आली १९७३ मध्ये. त्यांच्या पहिल्या लेखाला तेव्हा ३२ वर्षं झाली होती.

त्यांच्यानंतर अनेक देशांत अभ्यास होत राहिले. २००८ मध्ये अशा ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा, की अपघात झाल्यावर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. सात जणांवरून घेतलेला संशय खरा निघाला होता. पण तो खरा निघाला हे कळलं, कारण लोक मोजत राहिले.

पेण-रोह्याच्या रस्त्यावर हा हिशेब कसा लावायचा?

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक अपघातात मेले, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. हा आकडा हादरवणारा आहे. पण हेल्मेटचा उपयोग होतो हे एकट्या या आकड्यावरून सिद्ध होत नाही. एखाद्या रस्त्यावर दहापैकी आठ जण हेल्मेटशिवाय जात असतील, तर मेलेल्यांतही दहापैकी आठ जण तसेच सापडणार, हेल्मेट निरुपयोगी असलं तरीही. म्हणून मेलेल्यांसोबत रस्त्यावरून रोज जाणारेही मोजावे लागतात. कोलाड नाक्यावर तासभर उभं राहून, किती दुचाक्या गेल्या आणि किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, एवढं लिहून काढलं तरी हिशेबाची हरवलेली बाजू हाती येते.

दुसरा सापळा ब्लॅक स्पॉटचा. महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. मग तिथे दुरुस्ती होते. आता समजा एका वळणावर एरवी वर्षाला दोन माणसं जातात, पण एका वाईट वर्षी सहा गेली. ओरड झाली, गतिरोधक आला, पुढच्या वर्षी दोन गेली. गतिरोधकाने चार जीव वाचवले असं वाटतं. पण ते वळण काही न करताही दोनवर परत आलं असतं. वाईट वर्षानंतर बरं वर्ष येणं हे बऱ्याचदा आपोआप होतं. म्हणून एका वर्षाची एका वर्षाशी तुलना न करता आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं पाहावी लागतात. आणि जिथे काहीच केलं नाही अशा, त्याच महामार्गावरच्या दुसऱ्या वळणाचंही त्याच काळात काय झालं, ते शेजारी ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट गर्दीची. गणेशोत्सवात या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी असते आणि चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागते. त्या आठवड्यांचे आकडे एरवीच्या आठवड्यांशी लावले तर ब्रिटनच्या पेट्रोलसारखाच घोटाळा होतो. बाह्यवळण रस्ता सुरू झाला आणि जुन्या नाक्यावरचे मृत्यू घटले, तर ते वाचले की नव्या रस्त्यावर सरकले, हेही पाहावं लागतं.

चौथी गोष्ट नोंदीची. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत माणूस गेला तर तो रस्ते अपघातातला मृत्यू धरला जातो. पेणजवळ जखमी झालेला माणूस वीस दिवसांनी मुंबईच्या रुग्णालयात गेला, तर तो पेणच्या हिशेबात आला पाहिजे. तो निसटला, तर रस्ता कागदावर सुरक्षित होतो आणि प्रत्यक्षात तसाच राहतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, की मग पुरावा पूर्ण होईपर्यंत काहीच करू नये का? केर्न्स यांच्या गोष्टीतून तसं निघत नाही. लष्कराने सात जणांच्या पुराव्यावर सक्ती केली, कारण थांबण्याची किंमत मोठी होती आणि हेल्मेटची लहान. फरक एवढाच, की सक्ती केल्यावर केर्न्स यांनी वही बंद केली नाही. ती पाच वर्षं उघडी ठेवली.

रोह्याचा एखादा कामगार रात्रपाळी संपवून कोलाडमार्गे घरी निघतो, तेव्हा त्याच्या वाटेवर बांधलेला प्रत्येक दुभाजक, लावलेला प्रत्येक फलक आणि घेतलेला प्रत्येक दंड त्याच्या नावाने खर्च झालेला असतो. यातलं कशामुळे तो घरी पोचतो आणि कशामुळे नाही, हे कळलं तर पुढचा रुपया योग्य जागी जाईल. ते मोजेपर्यंत एका उपायाचा हिशेब मात्र पक्का झालेला आहे. तो आरशाला अडकवण्याऐवजी डोक्यावर घालायचा आहे आणि पट्टा लावायचा आहे.